नव्याण्णव

टेबलावर पार्कचा नकाशा पसरलाय,
कडा उडू नयेत म्हणून चार कोपऱ्यांवर
मिठाची बरणी, चष्म्याचं घर, बीपीचं मशीन
आणि मक्याच्या पावाचा जड लोखंडी तवा.

अडतीस वर्षं टोलेडोच्या पोस्टात
पत्रं लावली मी खणाखणांत,
कधी एक चुकलं नाही.
पण पेटिफोर्डांचा गोतावळा कुठल्या खणात मावतोय!
अटलांटावाले दोन गाड्या करून येणार.
क्लीव्हलंडच्यांना घाटावर पैसे आधी भरायचे नाहीत.
मेम्फिसचे "बघू" म्हणालेत.
त्यांचं बघू म्हणजे सात माणसं,
न कळवता, उपाशी.

टी-शर्ट जांभळे ठरले.
त्यावर मतदान झालं, मग फेरमतदान,
मग कोणीतरी रडलं.

मापांच्या याद्या माझ्याकडे असतात, गेल्या पाच मेळाव्यांच्या.
कोणाला दाखवत नाही.
कोण सुटलं, कोण पोटुशी होती, सगळं त्यात आहे.
ओटिस मागच्या खेपेला डबल एक्सएल होता,
यंदा मीडियम कळवतो, पुढे एक हसरा चेहरा.
मी काही विचारलं नाही. मीडियम लिहिलं.
रात्री उठून खोडलं आणि लार्ज केलं.
अंगाला जरा सैल असलेलं बरं.

डिमिट्रियस रविवारी न चुकता उंची कळवतो.
मोठ्या पाळण्याच्या दाराशी लाकडी पट्टी असते,
तिच्याखालून जाणाऱ्याला आत सोडत नाहीत.
बोटभर कमी पडतोय पोरगा.
"आत्या, बुटात वर्तमानपत्र घालू?"
"घाल," म्हटलं, "पण शनिवारचं नको,
रविवारचं जाड असतं."

आणि झर्लीन मावशी, एक्याण्णव वर्षांची,
तिच्यासाठी चाकाची खुर्ची सांगून ठेवली,
तर म्हणते, खुर्ची दाराशी ठेवा,
मला सगळ्यात उंच गाडीत बसवा.
लहानपणी असल्याच एका पार्कात
पोहायच्या तलावाच्या फाटकावरून तिला परत धाडलं होतं,
हातात टॉवेल तसाच, कोरडा.
"वरून सगळं सरोवर दिसतं म्हणे," ती म्हणते.
"दिसतं," मी म्हणते,
आणि डॉक्टरांची चिठ्ठी कुठून मिळवायची ते वहीत टिपते.

शंभर माणसं भरली तर जेवणाचा मंडप फुकट.
माझी भरतात नव्याण्णव.
तीनदा मोजली. एकदा वरून, एकदा खालून,
एकदा डोळे मिटून, चेहऱ्यांवरून.
पार्कच्या ऑफिसातली मुलगी फोनवर फार गोड बोलते:
पोटातलं बाळ धरत नाहीत, बाई.

डेट्रॉइट इथून तासाभरावर.
अकरा वर्षं झाली, तासाभरावरच आहे.
बाबांचं घर विकायच्या कागदावर एक सही होती,
ती कोणाची आधी, कोणाची नंतर,
एवढंच.

नंबर वहीत नव्हता. बोटांत होता.

"ल्यूशस, मंडपाला एक माणूस कमी पडतंय."
पलीकडे टीव्हीवर बेसबॉल. कोणीतरी धावत होतं.
आवाज बारीक झाला.
"किती वाचतात?"
"सहाशे चाळीस डॉलर."
बराच वेळ काही नाही.
मी तव्याखालचा नकाशा सरळ केला, जो सरळच होता.
"पार्किंगचे वेगळे घेतात का?"
"घेतात."
"लुटारू लेकाचे," तो म्हणाला,
अगदी बाबांसारखा. मग म्हणाला, "एक्सएल."

मी पेन्सिलीनं लिहिलं. शाईला अजून वेळ आहे.

मेम्फिसचे सात धरले असते
तर शंभरी केव्हाच ओलांडली होती.
हे मी त्याला सांगितलेलं नाही.